पंधरा दिवसांचं धुणं, एक बादली

"ताई, मी सटाण्याजवळच्या एका गावातला. यंदा नाशिकला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली, गंगापूर रोडला हॉस्टेलवर राहतो. आजवर स्वतःचे कपडे कधी धुतले नाहीत. पंधरा दिवसांचे कपडे पिशवीत भरायचे, एसटीनं घरी न्यायचे, आई धुऊन घडी घालून द्यायची. गेल्या खेपेला आईच्या बोटांना भेगा पडलेल्या दिसल्या. एका बोटाला चिंधी बांधून ती माझी जीन्स घासत होती. म्हणून ह्या वेळी ठरवलं की आपण धुवायचं. शनिवारी रात्री सगळे कपडे एका बादलीत कोंबले, चार मुठी पावडर टाकली आणि सकाळपर्यंत भिजत ठेवले. गणपतीला घेतलेल्या नव्या मरून कुर्त्यानं दोन पांढरे शर्ट गुलाबी केले. बाहेर पाऊस होता म्हणून खोलीतच दोरीवर घातले, तर तीन दिवसांनी कुबट वास. टॉवेलला तर आधीपासूनच येतोय. एका शर्टावर मिसळीची तर्री सांडली होती, साबण लावल्यावर तो डाग लालभडक झाला. वर्कशॉपच्या एप्रनवरचं ऑइल जसंच्या तसं. तळमजल्यावर वॉशिंग मशीन आहे, पण हात लावायची भीती वाटते. रूममेट म्हणतात, बायकांच्या कामात कशाला पडतो, लाँड्रीत दे, नाहीतर रविवारी गोदाघाटावर जाऊ. वडील म्हणतात, अभ्यास कर, कपडे घरी आण. मला नेमकं काय करावं कळत नाही."

अरे बाळा, तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. आईच्या बोटांकडे तुझी नजर गेली आणि पुढच्या आठवड्यात तू बादली भरलीस. कपडे बिघडले हे खरं आहे, पण त्यातलं बरंचसं निस्तरता येतं. तुला वाटतंय तेवढं हे काम अवघड नाही. तुझं चुकलं ते मुख्यतः दोन ठिकाणी: पंधरा दिवसांचा ढीग एकदम भिजवलास, आणि वाळवायची सोय न बघता धुतलास. बाकीच्या बऱ्याचशा तक्रारी ह्या दोन गोष्टींतून आल्या आहेत.

आधी गुलाबी शर्टांचं बघू, कारण त्यात उशीर करून चालणार नाही. त्यांना इस्त्री मुळीच करू नकोस. उष्णतेनं लागलेला रंग आणखी पक्का बसतो. कॉलरच्या आत किंवा शिलाईपाशी जी छोटी पट्टी असते ती वाच. तिच्यावर त्रिकोण असेल तर तो ब्लीचसाठी असतो. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच चालणार नाही. फुली नसेल तर किराणा दुकानात किंवा मॉलमध्ये डाग काढायची ऑक्सिजन ब्लीचची पावडर मिळते, ती पाकिटावर लिहिलेल्या मापानं कोमट पाण्यात विरघळव आणि शर्ट काही तास त्यात बुडवून ठेव. मग नेहमीसारखे धू. गुलाबी छटा एका खेपेत गेली नाही तर पुन्हा कर. शर्ट टेरीकॉटचे, म्हणजे सुतात पॉलिस्टर मिसळलेले, असतील तर तुझं नशीब चांगलं, कारण सुती कपड्याचा सुटलेला रंग पॉलिस्टरच्या धाग्यात फारसा मुरत नाही. शुद्ध सुती असतील तर चिकाटी लागेल.

क्लोरीनचं पातळ ब्लीचही बाजारात असतं. ते फक्त पांढऱ्या सुती कपड्यांसाठी, तेही पाण्यात मिसळून. रंगीत, लोकरी किंवा रेशमी कपड्यावर त्याचा थेंबही नको. आणि एक गोष्ट अगदी ठळक लक्षात ठेव. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये संडास धुवायचं ॲसिड किंवा क्लीनर ठेवलेलं असतं. ते आणि क्लोरीन ब्लीच कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. रूममेटनाही हे सांगून ठेव.

आता तो तर्रीचा डाग. तो लाल झाला म्हणून तू घाबरलास, पण त्यात बिघडलेलं काही नाही. हळदीतलं कर्क्युमिन नावाचं पिवळं द्रव्य आम्लारीच्या, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाच्या पदार्थाच्या, संपर्कात आलं की लाल होतं, आणि साबण तसाच असतो. भरपूर पाण्यानं साबण निघून गेला की डाग परत पिवळा पडतो. नाशिकच्या तर्रीत हळदीबरोबर तिखटाचा लाल रंगही असतो, आणि तो तेलात उतरलेला असतो. म्हणून आधी तेल काढावं लागतं. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब डागावर टाक, बोटानं हलकेच चोळ, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू दे, मग धू. जी पिवळी झाक उरेल ती साबणानं घासत बसू नकोस, उन्हावर सोपव. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. ओला शर्ट डागाची बाजू सूर्याकडे करून वाळत घाल, एक-दोन उन्हांत डाग नाहीसा होतो.

एप्रनवरच्या ऑइललाही हेच भांड्यांचं लिक्विड चालतं, फक्त वेळ जास्त द्यायचा आणि पाणी गरम घ्यायचं. लिक्विड कोरड्या कपड्यावर लाव, कारण आधी ओलं केलंस तर ते पातळ होऊन तेलापर्यंत पोचतच नाही. ब्रशनं घास, वीसेक मिनिटं थांब आणि एप्रन एकटाच धू. वर्कशॉपचं तेल दुसऱ्या कपड्यांना लागलं तर काम दुप्पट.

प्रत्येक डागाचा स्वभाव वेगळा असतो. रक्त लागलं तर गार पाणी; गरम पाण्यानं रक्तातलं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं. बॉलपेनची शाई सांडली तर खाली जुना रुमाल ठेवून वरून सॅनिटायझर कापसानं टिपत राहायचं, चोळायचं नाही. आणि तू सटाण्याकडचा, म्हणजे डाळिंबाच्या बागलाणातला आहेस, तेव्हा डाळिंबाचा डाग काय चीज असते हे तुला मी सांगायला नको. घरून डाळिंबं आली की खोलीत सगळे मिळून फोडणार आणि कुणाच्या तरी शर्टावर रस उडणारच. तो लगेच गार पाण्याखाली धर, मग पावडरच्या पाण्यात भिजव. साबणाची वडी त्यावर घासू नकोस, वडीनं तो डाग पक्का होतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते, म्हणजे भिजवणं. धुणं म्हणजे घासणं असं बहुतेकांना वाटतं, आणि म्हणूनच हे काम हातांना झेपत नाही असंही वाटतं. खरं काम भिजताना होतं. पावडरमधल्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला, आणि असे असंख्य कण मळाला चहूबाजूंनी वेढून धाग्यातून सोडवतात. ह्याला वेळ लागतो, जोर लागत नाही. अर्धा तास पुरतो. पण तू रात्रभर ठेवलेस, आणि रात्रभरात सुटलेला मळ, सुटलेला रंग हे सगळं त्याच पाण्यात परत कपड्यांवर बसतं. वास यायलाही तिथूनच सुरुवात होते.

बादलीत कपडे किती घ्यायचे? हात घालून ते सहज वर-खाली करता आले पाहिजेत. चार-पाच कपडे, त्यात जीन्स असेल तर जीन्स आणि आणखी एखादा. पावडर आधी मगभर पाण्यात नीट विरघळवायची, मग बादलीत ओतायची, मग कपडे बुडवायचे. कोरडी पावडर कपड्यांवर भुरभुरली तर गडद कपड्यांवर पांढरे चट्टे राहतात. डिसेंबर-जानेवारीत हे फार जाणवेल. तिकडे निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की इकडे हॉस्टेलच्या टाकीतलं पाणीही बर्फासारखं होतं, आणि गार पाण्यात पावडर विरघळता विरघळत नाही. अंघोळीचं मगभर गरम पाणी त्यासाठी राखून ठेव.

चार मुठी हे माप फारच झालं. चार-पाच कपड्यांच्या बादलीला एक-दोन मोठे चमचे पुष्कळ होतात. नेमकं माप पाकिटावर छापलेलं असतं. जास्त पावडरनं कपडा जास्त स्वच्छ होत नाही. उलट ती धाग्यात अडकून राहते, कपडा कडक होतो, घाम आला की अंगाला खाज सुटते, आणि धुवायला पाणी मात्र दुप्पट लागतं.

फेस किती येतो ह्यावरही जाऊ नकोस. नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, त्यात फेस छान येतो. पण बऱ्याच हॉस्टेलांत आणि सोसायट्यांत वापरायला बोअरचं पाणी असतं, आणि जमिनीतल्या खडकातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. तुझ्या बादलीच्या कडेला किंवा नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमत असेल तर तुमचं पाणी जड आहे. अशा पाण्यात साबणाच्या वडीचा साका होतो, तो राखाडी चिकटा कपड्यावर बसतो आणि पांढरे कपडे दोन महिन्यांत कळकट दिसायला लागतात. म्हणून बोअरच्या पाण्यात अंग धुवायचा साबण किंवा जुन्या पद्धतीची साबणाची वडी वापरू नकोस, डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड घे. वाण्याकडे धुण्याचा सोडा मिळतो, तो चमचाभर टाकला की हे क्षार बाजूला होतात. सुती कपड्यांना आणि टॉवेलला चालतो, लोकरीला आणि रेशमाला नाही. सोडा वापरला की हात मात्र स्वच्छ पाण्यानं धुऊन खोबरेल लाव.

अर्ध्या तासानं कपडे बाहेर काढलेस की घासायच्या जागा अगदी मोजक्या असतात. शर्टाची कॉलर, बाह्यांची टोकं, काखा, पॅंटचा खालचा काठ, मोज्यांचे तळवे. कॉलर जमिनीवर पसरून ब्रशनं एकाच दिशेनं घास. बाकीचा शर्ट नुसता पाण्यात खळबळून काढला तरी पुरतो. घरी धोपाटण्यानं बडवलेलं पाहिलं असशील. तसं करायची गरज नाही, बटणं फुटतात आणि शिलाई उसवते.

मग साबण पूर्ण जाईपर्यंत कपडे विसळायचे. दोन-तीन पाणी बदलावी लागतात, शेवटचं पाणी गढूळ किंवा बुळबुळीत नको. पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची असेल तर ह्या शेवटच्या पाण्यात, आणि थेंब आधी पाण्यात पूर्ण मिसळून. थेट कपड्यावर पडले तर निळे ठिपके बसतात आणि ते सहजी जात नाहीत. पांढरा कपडा जुना झाला की पिवळट दिसतो, निळ्या छटेनं ती पिवळी झाक डोळ्याला दिसेनाशी होते, नीळ एवढंच काम करते.

कपडे वेगळे करायचं तुला आता पटलंच असेल. पांढरे एकीकडे, फिके रंगीत दुसरीकडे, गडद आणि जीन्स तिसरीकडे. नव्या कपड्याची परीक्षा सोपी आहे: पांढरा रुमाल ओला करून त्याच्या आतल्या शिवणीवर घासायचा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा पहिल्या काही धुण्यांत एकटाच, गार पाण्यात, न भिजवता पटकन धुवायचा. तुझा मरून कुर्ता असाच धू, आणि विसळलेलं पाणी स्वच्छ दिसायला लागलं की मग जीन्सबरोबर टाक.

आता ज्या गोष्टीत तू सगळ्यात जास्त अडकलास ती, म्हणजे वाळवणं. कुबट वास हा मळाचा नसतो. कपडा बराच वेळ ओलसर राहिला की त्यातले जिवाणू वाढतात आणि वास सोडतात. म्हणजे कपडा किती लवकर वाळतो ह्यावर सगळं आलं. खोलीतल्या एका दोरीवर पंधरा दिवसांचे कपडे एकमेकांना चिकटून घातलेस, खिडकी पावसामुळे बंद, मग तिसऱ्या दिवशी वास येणारच.

हस्ताचा पाऊस अजून व्हायचा आहे, तेव्हा पुढचे काही आठवडे असं कर. कपडे पिळून झाले की कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून टॉवेलसकट पुन्हा एकदा पीळ, बरंचसं पाणी टॉवेल घेतो. मशीनमध्ये नुसतं स्पिन करता येत असेल तर हातानं धुतलेले कपडेही तिथे फिरवून आण, ह्यानं फार फरक पडतो. मग प्रत्येक कपडा जोरात झटक, शर्ट हँगरला लाव, पॅंट कमरेतून उघडी राहील अशी टांग, आणि दोन कपड्यांमध्ये हात जाईल एवढी जागा सोड. खिडकी थोडी उघडी, पंखा चालू. वाळवायला उष्णतेपेक्षा खेळती हवा महत्त्वाची. अशा हवेत एका वेळी चार-पाचच कपडे वाळतात, त्यामुळे धुवायचेही तेवढेच. पाऊस ओसरला की ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, गच्चीवर तासा-दोन तासांत शर्ट वाळतो. तेव्हा गडद कपडे उलटे करून घाल, नाहीतर महिन्याभरात रंग उडेल. आणि गच्चीवरची वलणी आधी ओल्या फडक्यानं पुसून घे, पांढऱ्या शर्टावर धुळीची आडवी रेघ उमटली की पुन्हा धुणं आलं.

आत्ता वास येणारे कपडे नुसते उन्हात टाकून भागणार नाही, एकदा परत धुवावे लागतील. टॉवेल गरम पाण्यात सोडा आणि पावडर घालून तासभर भिजव, भरपूर विसळ, पूर्ण वाळव. त्यानंतर अंघोळ झाली की तो दाराच्या खुंटीला गोळा करून अडकवू नकोस, दोरीवर पसरून टाक. आठवड्यातून एकदा धू. सुवासिक सॉफ्टनर टॉवेलला वापरू नको, त्यानं टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

ह्याच्याशी जोडलेली एक गोष्ट मुलं कुणाला विचारत नाहीत, म्हणून मी न विचारता सांगते. ओलसर अंडरवेअर आणि एकमेकांचे टॉवेल ह्यांतून हॉस्टेलमध्ये गजकर्ण पसरतं. जांघेत, कमरेला गोल चट्टे येतात आणि खूप खाज सुटते. तसं झालं तर मेडिकलवाल्यानं काउंटरवरून दिलेली मलम लावू नकोस; त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि आजार आतून वाढतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आतले कपडे मात्र कधीच साठवू नकोस. रोज अंघोळीच्या वेळी अंडरवेअर, बनियन आणि मोजे तिथेच धुऊन टाक, पाच मिनिटांचं काम आहे. ते वाळतातही लवकर. मुलींच्या हॉस्टेलांत आतले कपडे ओढणीखाली लपवून वाळत घालतात, त्यांना ऊन-वारा लागतच नाही. हे पत्र कुणी मुलगी वाचत असेल तर तिला माझं सांगणं आहे की ते उघड्यावर वाळत घाल.

हे रोजचं पाच मिनिटांचं धुणं जमलं की तुझा ढीग निम्मा झाला. उरले शर्ट, टी-शर्ट, पॅंट. त्यांच्यासाठी आठवड्यात दोन दिवस ठरव, लेक्चर लवकर सुटतात असे. जीन्स प्रत्येक वेळी घातली की धुवायची नसते, चार-पाच वेळा घालून चालते. धुताना उलटी करून धू. चादर आणि उशीची खोळ पंधरा दिवसांतून एकदा, आणि ती मशीनमध्ये.

मशीनला घाबरण्यासारखं काहीच नाही. ती वरून उघडणारी आहे का पुढून, एवढं आधी बघ. पुढून उघडणाऱ्या मशीनला पाणी कमी लागतं, म्हणून तिला कमी फेसाची वेगळी पावडर मिळते. साधी टाकलीस तर फेस बाहेर येतो. मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचं वजन असतं. एक जीन्स साधारण पाऊण किलोच्या आसपास, शर्ट पाव किलोच्या, असा अंदाज धर आणि ड्रम वरपर्यंत ठासू नकोस. कपड्यांना आपटायला जागा मिळाली नाही तर ते नुसते ओले होऊन बाहेर येतात. टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा कर. एक टिश्यू पेपर राहिला तरी सगळ्या काळ्या कपड्यांवर पांढरा भुसा होतो, आणि पेन राहिलं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. चेन लावून घे, मोजे जाळीच्या पिशवीत घाल. पहिल्यांदा वापरताना सीनियरला शेजारी उभं राहायला सांग. कुणी नाही म्हणत नाही.

आणि संपल्याबरोबर कपडे काढायला हजर राहा. फोनला अलार्म लाव. कपडे आत पडून राहिले तर वास येतो, आणि रांगेतला पुढचा मुलगा ते काढून कुठेतरी ठेवतो. तुला कधी दुसऱ्याचे काढावे लागले तर स्वच्छ बादलीत ठेव, जमिनीवर नाही.

गोदाघाटावर जायचा बेत मात्र रद्द कर. नदीत कपडे धुतले की साबणाचं सगळं पाणी सरळ गोदावरीत जातं. आधीच सांडपाण्यानं आणि पाणवेलींनी तिचे हाल आहेत, आणि सिंहस्थ तोंडावर आला आहे. बाथरूममध्ये नळ असताना नदीवर जायचं काहीच कारण नाही.

रूममेट म्हणतात ते 'बायकांचं काम' मला मान्य नाही, आणि तुलाही नसावं. गाडगेबाबा १८७६ साली परीट कुटुंबात जन्मले, दुसऱ्याचा मळ काढणाऱ्या घरात. त्यांनी उभारलेली धर्मशाळा तुझ्या ह्या नाशिकमध्येच आहे. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या त्या माणसाला आपण संत म्हणतो आणि स्वतःचा बनियन धुवायला लाजतो, हे बरोबर नाही. तू बादली घेऊन निघालास की चार दिवस ते हसतील. पाचव्या दिवशी त्यांच्यातलाच एकजण पावडर किती टाकायची ते विचारायला येईल, तेव्हा त्याला चिडवू नकोस, सांग.

वडिलांचं म्हणणं प्रेमापोटीच आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस. फक्त पुढच्या वेळी पिशवीत मळके कपडे नेऊ नकोस. आईसाठी नाशिकहून धुण्या-भांड्याचे रबरी हातमोजे घेऊन जा, जरा लांब बाह्यांचे. साबण आणि सोडा त्वचेतलं तेल काढून टाकतात, त्यावर थंडी पडली की भेगा खोल जातात. रात्री झोपताना हात कोरडे करून व्हॅसलीन लावायला सांग. थंडी सरल्यावरही भेगा भरल्या नाहीत तर तिला सटाण्याच्या दवाखान्यात घेऊन जा, आणि ती 'काही नाही रे' म्हणेल तरी ने.

घरून स्वेटर आणशील तेव्हा तो मात्र मशीनमध्ये घालू नकोस. लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात, गरम पाण्यात आणि घुसळण्यात ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून लहान मुलाचा होतो. गार पाण्यात लिक्विडचे थोडे थेंब, हलकेच दाबून धुवायचा, पिळायचा नाही, आणि टॉवेलवर आडवा पसरून सावलीत वाळवायचा. दोरीवर टांगलास तर बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबतील.

राहिली लाँड्री. ती वाईट नाही. परीक्षेच्या आठवड्यात, किंवा ब्लँकेट, कोट असलं काही असेल तेव्हा खुशाल दे. दर नगावर असतात, तेव्हा देताना आणि घेताना त्याच्यासमोर मोजून घे, आणि कपड्याच्या आतल्या पट्टीवर पक्क्या शाईच्या पेनानं आपल्या नावाची अक्षरं लिहून ठेव. सगळ्यांचे पांढरे शर्ट तिथे सारखेच दिसतात. इस्त्रीसाठी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे फक्त शर्ट आणि फॉर्मल पॅंट दे. शर्ट ओला असतानाच झटकून, कॉलर आणि बटणपट्टी बोटांनी ओढून सरळ करून हँगरला लावलास तर रोजच्या लेक्चरला इस्त्री लागतच नाही, ती प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेसाठी ठेव.